साठ मिली

ब्युरेटची तोटी बंद करून आठल्यांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला. निळं पाणी पिवळं झालं होतं, आणि व्हायला हवं होतं त्याच्या बरंच आधी झालं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. साडेसहा. टाकीतलं पाणी दुसऱ्यांदा घेतलं, दुसऱ्यांदा थेंब सोडले. साडेसहाच.

"चहा निवतोय," वृंदा दारातून म्हणाली.

"आठ हवेत."

"कोण आठ?"

"क्षारता गं. आठ हवी. साडेसहा आलीय."

"मागच्या रविवारी सहा होती ना? मग सुधारली की."

आठल्यांनी मान हलवली. तसं म्हटलं तर सुधारली होती. त्याच्या आधीच्या रविवारी साडेपाच, मग सहा, आता साडेसहा. पण दर रविवारी ते स्वतः हिशेबाने सोडा घालून ती आठावर आणून ठेवत होते. आठवडाभरात ती खाली का यावी, हा प्रश्न होता. रोजची मात्रा रोज पडत होती. प्रवाळ जेवढा सोडा रोज खातं, तेवढाच रोज द्यायचा, की पाणी जागच्या जागी राहतं. आठ वर्षं राहिलं होतं.

टाकी बैठकीच्या भिंतीला लागून होती, चार फूट लांब. तिच्यात मधोमध एक जांभळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं. आठल्ये निवृत्त झाले त्या वर्षी मुंबईच्या एका शौकिनाने आपल्या टाकीत वाढवलेल्याचा करंगळीएवढा तुकडा त्यांना कापून दिला होता. तो त्यांनी थर्मासात घालून विमानाने मांडीवर आणला. त्याचं पुढे पसरलेल्या पंजाएवढं झाड झालं आणि त्यातले चौदा तुकडे आठल्यांनी कलकत्त्यातल्या चौदा जणांना दिले. आता त्याची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडली होती. बुडाशी कातडी सुटून पाण्यात चिंध्यांसारखी हलत होती आणि आतला पांढरा सांगाडा दिसत होता. सव्वीस फांद्यांपैकी सहा धड होत्या.

आठल्ये साधे शौकीन नव्हते. केंद्र सरकारच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी नदिया आणि चोवीस परगण्यातल्या हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक मोजण्यात. त्यांनी आकडा लिहिला की गावातल्या पंपाला लाल रंग लागे आणि बायका दुसऱ्या पंपापर्यंत मैलभर चालत जात. एवढ्या बायकांना एवढं चालवायचं, तर आकडा खरा पाहिजे, असं ते हाताखालच्या पोरांना सांगत. त्यांचे नियम दोन होते. अनोळखी नमुन्याला हात लावण्याआधी ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा नमुना तपासायचा. तो बरोबर आला तरच पुढच्यावर विश्वास ठेवायचा. आणि आकडा चुकला तर आधी भांडं बघायचं, मग द्रावण, मग हात. याच क्रमाने. आठल्यांची चूक कधी तिसऱ्या पायरीपर्यंत पोचली नव्हती, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा तोरा असायचा.

त्यामुळे ही टाकी त्यांच्या फारच वर्मी लागली होती. एप्रिलपासून जुलैपर्यंत क्षारता कारण नसताना चढत होती. नऊ, दहा, एकदा तर अकरा. पाणी बदलबदलून त्यांनी ती खाली आणली. "कुठूनतरी जास्त पडतंय," असं ते जुलैभर घरात पुटपुटत फिरले. आणि ऑगस्ट लागला तशी ती उलटी उतरायला लागली. पाणी एका बाजूने चुकलं असतं तर समजलं असतं. आधी इकडे आणि मग तिकडे, म्हणजे चेष्टाच झाली.

संध्याकाळी पलाश आला. बागबाजारच्या एका गल्लीत त्याचं माशांचं छोटं दुकान होतं. रविवारी तिकडे बाजार भरतो, तो आटोपून तो स्कूटरवरून न्यू टाउनपर्यंत आला होता. पँटला अजून ओल होती. सोसायटीच्या आवारात दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं आणि त्या ठोक्यांबरोबर टाकीच्या काचेवरचं पाणी किंचित थरथरत होतं. पलाश उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"सर, आपका पानी हफ्ता भर नीचे जाता है, और संडे को आप एक झटके में ऊपर कर देते हैं," तो म्हणाला. "ये झटका ही इसको मार रहा है."

"वो मालूम है. नीचे क्यूँ जाता है?"

"वो तो आप बोलेंगे. केमिस्ट आप हैं." तो हसला नाही. "डोज़ रोज़ पड़ता है?"

"रोज़. साठ मिली. नहाने के बाद, चाय के पहले."

"लिखते हैं कहीं?"

आठल्ये मोठ्याने हसले. "आज नहाया, ये कोई लिखता है क्या?"

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

पलाश उठला. जायच्या आधी तो जरा अडखळत बोलला. ज्या सहा फांद्या जिवंत आहेत त्या आत्ताच कापून त्याच्या दुकानातल्या टाकीत नेल्या तर वाचतील. सरांची टाकी पुढे कधी धड झाली तर परत आणता येतील. नाहीतर काही दिवसांत सगळंच जाईल. आठल्यांना ते ऐकवेना. माणसाला त्याच्या घरातलं मूल शेजाऱ्याकडे ठेवा म्हणावं, तसं त्यांना ते लागलं.

"एक हफ्ता," ते म्हणाले. "अगले संडे तक कारण नहीं मिला तो ले जाना. सब ले जाना. फिर मैं टंकी ही बंद कर दूँगा."

रात्रीच्या जेवणाआधी सुरुचीचा बंगळुरूहून फोन आला. ती लहानाची मोठी बराकपूरच्या क्वार्टर्समध्ये झाली होती; तिचं मराठी कानावरून आलेलं होतं, आणि घाईत असली की ते आणखीच सांडायचं.

"बाबा, बंद करून टाक ना तो टाकी. इतका टेन्शन कशाला घेतो तू? तुम्ही दोघं इकडे या. इकडे रूम रिकामीच आहे."

"बघू. तुझी बदली कधी होतेय?"

"सांगितलं ना आत्ता, बाबा. बदली नाही, प्रोजेक्ट बदललाय."

"हो, हो. तेच ते," आठल्ये म्हणाले आणि फोन वृंदाकडे दिला. वृंदा तो घेऊन गॅलरीत गेली. दार तिने ओढून घेतलं.

सोमवारपासून ते कंबर कसून कामाला लागले. आधी भांडं: ब्युरेट आम्लाने धुतली, फ्लास्क धुतले, मग माहीत असलेला नमुना तपासला. तो अगदी नेमका आला, म्हणजे मोजणीत खोट नव्हती. मंगळवारी द्रावणांची पाळी. टाकीत भर घालायचं आरओचं पाणी स्वच्छ निघालं. समुद्राच्या मिठाचं नवं पाकीट फोडून बादलीभर पाणी कालवून पाहिलं, तेही ठीक होतं. दुपारच्या झोपेनंतर उठले तेव्हा आभाळ असं गच्च भरलेलं होतं की वेळ कळत नव्हती. संध्याकाळी गॅलरीत उभे असताना त्यांना दोरीवर आपले दोन शर्ट दिसले. दोन का, असं मनात आलं आणि गेलं.

बुधवारी फक्त सोड्याची बाटली तपासायची राहिली होती. ती त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवली होती, कारण ती त्यांची स्वतःची होती. दर रविवारी ते खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजत, वजन करून लिटरभर पाण्यात विरघळवत आणि पांढऱ्या बाटलीत भरत. बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: सोडा, रोज साठ मिली.

ब्युरेटवर चोवीस यायला हवं होतं. बारा आलं.

त्यांनी पुन्हा केलं. बाराच. कमी भाजला गेला, वजनात चूक झाली, असं काही असतं तर एकोणीस आलं असतं, सतरा आलं असतं. बरोबर निम्मं आपोआप होत नाही. आठल्ये स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी ती बाटली ओतून टाकली, नवा सोडा भाजला, नवं द्रावण केलं आणि लगेच तपासलं. चोवीस. बाटली जागेवर ठेवली. घरात ते कोणाला काही बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखे फेरीला गेले. परत आले तर वृंदा भाजी आणायला खाली निघाली होती. ती लिफ्टमध्ये शिरल्याचा आवाज आल्यावर त्यांनी बाटली काढली आणि तपासली.

बारा.

घरात माणसं दोन. त्यातला एक फेरीला गेला होता. बत्तीस वर्षांचा संसार, आणि ही बाई त्यांच्या पाठीमागे त्यांच्या सोड्यात पाणी घालते! रविवारचा फोन आठवला, गॅलरीचं ओढून घेतलेलं दार आठवलं. मायलेकींनी ठरवलंय. टाकी मेली की म्हातारा मुकाट्याने बंगळुरूला येईल, असा त्यांचा बेत आहे. राग आला तेवढंच दुःखही झालं, आणि दुःख झालं म्हणून राग आणखी वाढला. वृंदा आली की तिला या स्टुलासमोर उभी करून विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पुरावा हवा म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले.

पुरावा सिंकखालीच होता. कोकम सरबताची जुनी काचेची बाटली, अर्धी भरलेली, आत पाण्यासारखं काहीतरी. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला. साबणासारखा बुळबुळीत. त्यांचाच सोडा, पूर्ण ताकदीचा. निम्मा काढून ठेवायचा आणि बाटलीत तेवढंच पाणी घालायचं. काढलेला फेकून देणं तिच्या जिवावर आलं असणार. सिंक महिनाभर का चकाकत होतं तेही आठल्यांना आता कळलं. आमटीला माणसं वाढली की तिच्यात पाणी वाढवतात, तितक्या सहज तिने हे केलेलं होतं. लबाडी करणाऱ्या माणसाने बाटली लपवली असती. ही तर भांड्यांच्या साबणाशेजारी उभी होती.

ते वाकलेले सरळ झाले आणि समोर दाराच्या पाठीला लावलेली दिनदर्शिका दिसली. मेव्हणी दरवर्षी पुण्याहून पाठवायची ती. ऑगस्टच्या चौकोनांमध्ये पेन्सिलीने बारीक बारीक गोल काढलेले होते. बराकपूरला असताना दूधवाल्याचे खाडे वृंदा असेच मांडायची. ज्या दिवशी दूध नाही त्या दिवशी गोल. आठल्यांनी सवयीने ते वाचले आणि मग थबकले. इथे दूधवाला कुठे होता? सात वर्षं पिशव्याच येत होत्या, खालच्या दुकानातून, आणि त्या तेच आणत.

ते जाऊन आपली वही घेऊन आले. का आणली ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. आकड्यांच्या ओळी दिसल्या की त्या दुसऱ्या ओळींशेजारी ठेवून बघायच्या, एवढंच हाताला माहीत होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा, उभ्या ओळीत दोन गोल, पाच कोरे. वहीत साडेपाच. दुसरा आठवडा, तीन गोल, चार कोरे. वहीत सहा. तिसरा, चार गोल, तीन कोरे. साडेसहा.

निम्म्या ताकदीची एक मात्रा म्हणजे टाकीत रोज अर्ध्याचा तुटवडा. पाच कोऱ्या दिवसांचे अडीच. आठातून अडीच गेले, साडेपाच. चार दिवसांचे दोन. आठातून दोन गेले, सहा. प्रत्येक आठवडा असाच, तंतोतंत जुळत होता. म्हणजे कोऱ्या दिवशी टाकीत साठ मिली पडत होते. आणि गोलाच्या दिवशी तुटवडा पडत नव्हता, कारण गोलाच्या दिवशी साठ मिली दोनदा पडत होते.

त्यांनी मागची पानं उलटली. जुलैमध्ये नऊ गोल. जूनमध्ये पाच. मेमध्ये तीन. एप्रिलमध्ये एकच गोल होता, एकवीस तारखेला, आणि त्याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. पुढच्या कुठल्याच गोलापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. परवाच्या मंगळवारच्या गोलाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, चार दहा.

मंगळवारी दुपारी ते झोपले होते. उठले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. त्यानंतर गॅलरीत उभे होते, तिथपर्यंत मधलं काही नव्हतं. त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. दोन शर्ट आठवले. दुपारी उठून, सकाळ झाली असं समजून, त्यांनी आंघोळ केली असणार, धुतलेला शर्ट घातला असणार, आणि चहाच्या आधी साठ मिली मोजून टाकीत ओतले असणार. हात जराही न हलवता, अगदी नेमके साठ. भांडं ठीक होतं. द्रावण ठीक होतं.

आठल्यांना भीती वाटली. कशाच्याही आडून नाही, नुसती भीती. ते सिंकला धरून उभे राहिले.

त्यांचे थोरले भाऊ शरच्चंद्र साताऱ्याला असेच गेले होते. शेवटची दोन वर्षं वृंदा वर्षातले सहा सहा महिने तिकडे जाऊन त्यांचं करत होती. एकदा आठल्ये सुट्टीवर गेलेले असताना दादा जेवून हात धुऊन आले आणि पुन्हा पाटावर बसले. पाहुणे होते, पंगत होती. "दादा, आत्ताच तर जेवलात तुम्ही!" आठल्ये मोठ्याने म्हणाले. बरोबर आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाले. कोणीतरी हसलंही. दादा उठले नाहीत. पानाकडे बघत राहिले. आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत ते प्रत्येक जेवणाच्या वेळी, भूक लागलेली असली तरी, जो कोणी समोर दिसेल त्याला विचारत, "मी जेवलो का?" मोलकरणीला विचारत, गॅसवाल्याला विचारत. वृंदा त्या दिवशी हातात पळी घेऊन दारात उभी होती. तिने आठल्यांकडे जे बघितलं होतं ते त्यांना आजही आठवत होतं. ते मात्र आठवत होतं.

म्हणून ती बोलली नव्हती. नवऱ्याचं चुकतंय हे त्याला सांगण्यापेक्षा तिने त्याचा सोडा निम्मा करून टाकला होता. दोनदा घातला तरी एकदाच पडावा. ती रसायनशास्त्र शिकलेली नव्हती; तिने स्वयंपाकातलं गणित केलं. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. ज्या दिवशी आठल्यांचं डोकं जागेवर असे, त्या दिवशी प्रवाळ अर्धपोटी राहत होतं. आणि मागचे तीन आठवडे टाकी सुधारत होती, ती ते जास्त जास्त विसरत होते म्हणून.

लिफ्टचं दार वाजलं. आठल्यांनी दिनदर्शिकेची पानं ऑगस्टवर आणली, कोकमाची बाटली होती तशी ठेवली आणि वही बगलेत मारून बाहेर आले.

"पडवळ मिळालं," वृंदा म्हणाली. "इतक्या दिवसांनी बरं मिळालं. सापडलं का काही?"

"नाही," आठल्ये म्हणाले. "बघतोय अजून."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग पडवळ घेऊन आत गेली.

शुक्रवार आणि शनिवार त्यांनी टाकीसमोर खुर्ची टाकून काढले. डोक्यात गणित चालूच होतं. पूर्ण ताकदीचा सोडा केला तर ती निम्मा करणार. दुप्पट ताकदीचा करून ठेवला, तर तिने निम्मा केल्यावर कोऱ्या दिवशी बरोबर पडेल, पण गोलाच्या दिवशी जळेल. निम्मा ठेवला तर कोऱ्या दिवशी उपास. दोन्ही दिवसांना पुरेल अशी ताकद कुठल्याच सोड्याला नव्हती. घालणारं यंत्र मिळतं, पलाशच्या दुकानात होतं, पण यंत्र चालू असताना वरून एक माणूस सवयीने साठ मिली ओतायला येणारच होता. वहीत लिहून ठेवावं म्हटलं, तर वही उघडायची हे आठवायला हवं. काहीही करा, शेवटी एकच गोष्ट उरत होती. कोणालातरी विचारायला हवं होतं, आज घातलं का म्हणून.

आणि तेच त्यांना विचारवत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. एकदा तोंड उघडलं की दादांच्या पाटावर जाऊन बसल्यासारखं होतं. तिथून पुढचा रस्ता त्यांनी पाहिलेला होता.

रविवारी सकाळी त्यांनी सोडा भाजला, द्रावण केलं, तपासलं. चोवीस. आंघोळ करून साठ मिली टाकीत घातले आणि चहा घेतला. मग कात्री घेऊन टाकीत कोपरापर्यंत हात घातला. सहा फांद्यांतल्या आता दोनच धड उरल्या होत्या. एक त्यांनी कापून पलाशसाठी डबीत, टाकीतल्याच पाण्यात ठेवली. दुसरी जागेवर राहू दिली. महत्त्वाच्या नमुन्याचे नेहमी दोन भाग करायचे आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवायचे, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

जेवण झालं. ते आडवे झाले. झोप लागली.

उठले तेव्हा चार वाजले असावेत. खिडकीबाहेर राखी उजेड होता, पहाटेचा म्हटला तर पहाटेचा. मांडवाचे बांबू ठोकणारे आज आले नव्हते, त्यामुळे सगळं फार शांत होतं. आठल्ये पलंगाच्या कडेला बसले आणि एकेक गोष्ट तपासत गेले. आज रविवार. सकाळी सोडा भाजला. चोवीस आले. घातला. फांदी कापली, डबी तिथे टेबलावर आहे. जेवणात पडवळाची भाजी होती. सगळं जागच्या जागी होतं. पक्कं आठवत होतं. आज तरी पक्कं आठवत होतं.

ते बैठकीत गेले. पांढरी बाटली उचलली. स्वयंपाकघरात नळ चालू होता. उत्तर ठाऊक असलेला नमुना आधी, असं ते पोरांना सांगायचे.

"वृंदा," त्यांनी हाक मारली. "वृंदा, मी आज सोडा घातला का गं?"

नळ बंद झाला.

मग ती पदराला हात पुसत दारात आली. तिने त्यांच्या हातातली बाटली पाहिली, त्यांच्या अंगातला, पुन्हा बदललेला नव्हे, सकाळचाच शर्ट पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज रोजचाच होता, भाजीत मीठ घातलं का याला उत्तर द्यावं तसा.

"घातलात की. सकाळी. आंघोळ झाल्यावर."

उत्तर बरोबर होतं. आठल्यांनी मान हलवली आणि बाटली जागेवर ठेवली.

"त्यात पाणी नको घालूस आता," ते टाकीकडे बघत म्हणाले. "मी रोज विचारीन."

"विचारा," वृंदा म्हणाली.

ती तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने खाली पलाशची स्कूटर वाजली, तेव्हा ती चहा टाकायला आत गेली.